पुण्याला जाणारं पाकीट

सकाळी ६.१५

भिवंडीत कामतघरला राहून यंत्रमागांच्या खडखडाटाची इतकी सवय झालीय, की तो थांबला तरच झोपमोड होते. आज मात्र जाग फोनने आली. रात्री पावणेदोनचा मेसेज होता : ‘ताई, लेटर आलं. अनकंडिशनल आहे.’ खाली इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र. विषय सार्वजनिक आरोग्य, सत्र सप्टेंबरमध्ये सुरू.

मी उठून बसले. मुलीचे वडील शांतीनगरच्या एका कारखान्यात माग चालवतात. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करायचा तर विनाअट प्रवेशपत्र हवंच, आणि अर्ज स्वीकारायची शेवटची तारीख उद्या आहे. पत्र आलं, पण उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमध्ये अडकलाय. तिला लिहिलं, ‘बाबांना घेऊन ये. झोपले असतील तरी उठव.’

सकाळी ९.००

वंजारपट्टी नाक्याकडच्या गल्लीत माझं सेवा केंद्र आहे. बोर्डावर ‘सर्व प्रकारचे दाखले’ एवढंच लिहिलंय. परदेशी शिक्षणाचे अर्ज भरायला मी काही ठरवून सुरुवात केली नाही. नऊ वर्षांपूर्वी एक मुलगा केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आला, त्याचा भरला, मग तो दुसऱ्याला घेऊन आला. आता वर्षाला पंधरा-वीस तरी येतात.

शटर वर करायच्या आधीच बाहेर रांग. दहावी-बारावीचे निकाल लागलेत आणि उत्पन्नाचा जुना दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे अकरावीपासून डिप्लोमापर्यंत प्रत्येकाला नवा हवा असतो. सगळी भिवंडी जूनमध्ये एकाच खिडकीशी उभी राहते. परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरातही नेमकी याच सुमाराला येते. ज्या तहसीलदारांच्या टेबलावर हजारो दाखले सहीला पडलेत, त्यांच्याच टेबलावर त्या मुलीचा एक दाखला पडलाय. त्यावर तिचं वर्ष अवलंबून आहे हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

सकाळी १०.१५

काका, म्हणजे मुलीचे वडील, रात्रपाळीवरून थेट आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. फाइल टेबलावर उघडली.

या फाइलमधला माझा सगळ्यात जिवाचा कागद म्हणजे एका कोतवाल बुकाच्या उताऱ्याची झेरॉक्स. जात पडताळणीला अनुसूचित जातीच्या माणसाकडून १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. मुलीचे पणजोबा-आजोबा कोणी शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे शाळेच्या रजिस्टरात नोंद मिळेना. जमीनही नव्हती. शेवटी काका सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गावी गेले, तिथून तहसीलच्या अभिलेख कक्षात चार चकरा मारल्या, तेव्हा आजोबांच्या जन्माची ही एक ओळ सापडली. ती मोडीत. फिकट शाई, वर आडवी एकटाकी रेघ आणि खाली तिला लोंबणारी अक्षरं. आम्हा तिघांपैकी कोणालाही ती वाचता येईना. मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरीत लिप्यंतर करून घेतलं, ते समितीपुढे ठेवलं आणि गेल्या आठवड्यात वैधता प्रमाणपत्र हातात पडलं. एकूण अकरा महिने. लंडनच्या विद्यापीठाने तिची सगळी पात्रता तपासायला पाच आठवडे घेतले होते.

आज दुसरीच अडचण. पासपोर्टवर वडिलांचं नाव आडनावासकट एका सलग शब्दात, शाळेच्या दाखल्यावर सुटं, आधारवर एक अक्षर वेगळं. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. बाहेरच्या टपरीवर त्यांना पाचशेचा मुद्रांक घ्यायला सांगितला होता. मी थांबवलं. दाखल्यांसाठी आणि शैक्षणिक कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. पाचशे रुपये म्हणजे या घरात एक दिवस.

दुपारी १२.३०

तहसील कार्यालय. पावसाने तीनबत्तीकडचा रस्ता भरलाय, रिक्षा फिरून नेली. दाखल्याची स्थिती तेवीस दिवस ‘प्रलंबित’ दिसत होती. कारण साधं होतं, कारखान्याचं वेतनपत्र जोडलेलं नाही. यंत्रमागावर वेतनपत्र कोण देतो? आठवड्याला हिशेब होतो, वहीत मीटर लिहितात, रोख हातात येते. स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल असला की भागतं, पण तो अहवाल दुसऱ्याच गठ्ठ्यात राहिला होता. कारकून बाईंनी गठ्ठा सोडून शोधून दिला. त्यांचं जेवण राहिलं, तरी शोधला. म्हणाल्या, ‘साहेब चारला बसतात. चारला या.’

दुपारी १.४५

डबा उघडला. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. काकांनी फोटोकडे बघत विचारलं, ‘ताई, त्यांना किती मिळायचे हो?’

मी सांगितलं. १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची लेखी अट होती. पुढे लंडनला अभ्यास चालू असताना मुदत संपली आणि १९१७मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. १९२०मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःची बचत होती, मित्राची उसनवार होती आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती. महाराष्ट्राने २००३मध्ये सुरू केलेल्या योजनेला शाहूंचं नाव आहे ते त्यामुळे योग्यच. या योजनेत आज ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तर १९५४-५५पासून चालू आहे. तिच्या जागा १२५, पैकी ११५ अनुसूचित जातींसाठी.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे त्यांचेही पैसे मधेच थांबले होते.’

हो. थांबले होते. हल्लीही तसंच घडलं. २०२५च्या जुलैमध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीला १०६ जण निवडले गेले, पण पत्रं आधी फक्त ४० जणांना मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. त्या आठवड्यात मला आलेले फोन मी विसरलेले नाही. निवड झालेली, प्रवेश झालेला, सत्र पुढच्या महिन्यात आणि हातात काहीच नाही.

दुपारी ३.००

एका आगरी गावातला मुलगा आईसोबत आला. आयटीआय, वीजतंत्री. सध्या माणकोलीच्या गोदामात माल उचलतो, कारण गोदामात वीजतंत्र्यापेक्षा हमालाची गरज जास्त. त्याला जर्मनीला जायचंय. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि भाषेचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने द्यायचं ठरलं, तेव्हापासून त्याने हा ध्यास घेतलाय. मोबाइलवर शब्द पाठ करतो. मला म्हणून दाखवले : पाना, पक्कड, तार, विद्युतदाब. उच्चार मला कळत नाहीत, पण तो अडखळला नाही एवढं कळलं.

आईने विचारलं, ‘ताय, पोराचा काम व्हईल ना?’

मी तिला खोटा धीर दिला नाही. भाषेच्या पहिल्या पायरीवर तिथे काम मिळत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र तिथल्या यंत्रणेने तपासून तिकडच्या प्रमाणपत्राच्या बरोबरीचं मानायला हवं, त्यासाठी अभ्यासक्रमाचं तासवार तपशीलपत्र आणि त्याचं अधिकृत भाषांतर हवं. ते आजच मागायला सुरुवात कर म्हटलं. त्याच्या मित्राला तिकडे शिकायलाच जायचंय, त्याचंही विचारलं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही हे खरं. पण याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवायचे. गोदामावर काम करणाऱ्या घराने एवढी रक्कम ‘दाखवायची’ कुठून?

परदेशी शिक्षणाची सरकारी मदत आपल्याकडे जिथून सुरू होते, त्याच्या अलीकडेच आमची मुलं गळतात. इंग्रजीच्या परीक्षेची फी हजारोंच्या घरात. चार विद्यापीठांच्या अर्जांची फी वेगळी. पासपोर्ट, भाषांतरं, जागा राखायची अनामत. शिष्यवृत्तीचा अर्ज करायच्या आधीच लाखभर रुपये जातात आणि त्याला योजना नाही. मला विचाराल तर त्या पहिल्या लाखाची सोय हीच सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती ठरेल.

दुपारी ४.१०

साहेब बसले होते. सही झाली. मुलीने दाखल्याचा फोटो वडिलांना पाठवला, मग स्वतःच हसली. ते शेजारच्या बाकावर पेंगत बसले होते.

संध्याकाळी ५.००

निजामपुऱ्यातली एक मुलगी आणि तिचे मामू. वस्त्र अभियांत्रिकी झालीय, मँचेस्टरला पुढे शिकायचंय. मागांच्या गावातल्या पोरीने मँचेस्टरला जावं, मला फार आवडलं. तिला अनुसूचित जातीची योजना लागू नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची परदेश शिष्यवृत्ती अलीकडची, जागा २७. सगळ्या महाराष्ट्रात २७.

मामूंनी बँकेचं विचारलं. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं. त्यांचं घर तीन पिढ्यांचं, पण पागडीचं. नावावर कागद नाही. भिवंडीत अशी किती घरं आहेत, जिथे भिंती आहेत आणि उतारा नाही. पूर्वी ‘पढो परदेश’ नावाची केंद्राची योजना होती. सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक घरातल्या मुलांच्या शिक्षणकर्जाचं, परतफेड सुरू होईपर्यंतचं व्याज सरकार भरायचं. ३५ टक्के लाभ मुलींसाठी राखीव. ती २०२२-२३मध्ये बंद झाली. नवी पीएम-विद्यालक्ष्मी चांगली आहे, पण ती देशातल्या संस्थांसाठीच आहे. या गावाच्या कामाची जी एक योजना होती ती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, ही गोष्ट मला मनापासून चुकीची वाटते.

मामूंनी मोबाइलवर एक बातमी दाखवली : नवी मुंबईच्या एज्युसिटीसाठी २०२५च्या जूनमध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली. यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, शिकागोचं इलिनॉय इन्स्टिट्यूट आणि इटलीची एक डिझाइन संस्था. ‘मग तिकडे जायचंच कशाला? हे तर आपल्या ठाण्याच्या खाडीपलीकडे.’ जमीन, परवाने सगळं सरकार देतंय, चांगलंच आहे. पण फी कोण देणार हा प्रश्न खाडी ओलांडली तरी तोच राहतो. मी तिला मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज काढून दिला आणि २७ जागांच्या अर्जाची तयारीही सुरू केली. दोन्ही भरायचे. एकावर अवलंबून राहायचं नाही.

संध्याकाळी ७.३०

पाऊस वाढला, दोनदा वीज गेली. प्रिंटर मधेच थांबला की कागद अर्धा ओला-काळा निघतो, तो परत काढायचा. अर्ज, प्रवेशपत्र, गुणपत्रकं, जात, वैधता, अधिवास, उत्पन्न, पासपोर्ट, प्रतिज्ञापत्र. प्रत्येक पानावर क्रमांक. मुलगी पान उलटत होती, काका वहीत टिकमार्क करत होते. मागावरचे मीटर लिहितात त्याच वहीत. कोतवाल बुकाचा उतारा सव्वीसाव्या पानावर आला.

पाकिटावर पत्ता काकांनी स्वतः लिहिला. समाज कल्याण आयुक्तालय, पुणे. अक्षर सावकाश, एकेक काना जपून.

टपालाने पाठवलं तर उद्या पोचेलच याची खात्री नाही. म्हणून ते स्वतः जाणार. आज रात्रपाळी करणार नाहीत.

रात्री १०.००

घरी आले. इंग्लंडच्या व्हिसाचे नियम पुन्हा वाचून काढले. स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर त्यावर भागतं. म्हणजे निवड झाली तरी पत्र ऑगस्टच्या आत यायला हवं. आयुक्तालयात कोणी हे वाचत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : जाहिरात जूनमध्ये न काढता जानेवारीत काढा. विद्यापीठं आपल्यासाठी सप्टेंबर पुढे ढकलणार नाहीत.

आणि ज्यांच्या घरात यंदा अकरावीला बसलेलं लेकरू आहे, त्यांनी जात पडताळणीचा अर्ज याच वर्षी कॉलेजमार्फत टाकावा. परदेशी जायचं ठरलेलं नसलं तरी. आजोबांचा कागद शोधायला वेळ लागतो.

काका सकाळी साडेसहाची इंद्रायणी कल्याणहून पकडतील. पाकीट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातलंय.