वास्तुकलेतील संशोधन-पदवी

वास्तुकल्पाऐवजी लिखित प्रबंधाच्या आधारे मिळणारी वास्तुकलेतील उच्च पदवी. भारतात पीएच्.डी. हे तिचे प्रमुख रूप होय. बी.आर्क्. हा पाच वर्षांचा व एम्.आर्क्. हा सामान्यतः दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यांच्या अखेरीस बहुधा प्रकल्प असतो व कस लागतो तो रचनाकौशल्याचा. संशोधन-पदवीत उमेदवाराचे प्रतिपादन नवे आहे काय आणि ते पुराव्यावर टिकते काय, हे पाहिले जाते.

हा भेद उदाहरणाने स्पष्ट होईल. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील काळंका देवीचे मंदिर ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. हे शैलीनाम यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याच्यावरून रूढ झाले. त्याचा काळ महादेव (कार. १२६०–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांच्या राजवटींचा. येथील शिलालेख मात्र शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६–७७ चा आहे. त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख येतो. पण तो पुरुष निराळा. नामसाम्याने घोटाळा व्हावा, असेच हे स्थळ आहे.

या मंदिराचा तलविन्यास, छेद व स्तंभांचे तपशील मोजून काढलेली आरेखने कितीही निर्दोष असली, तरी तेवढ्याने प्रबंध होत नाही. ती केवळ सामग्री होय. चुन्याविना दगड रचण्याची पद्धती वऱ्हाडात हेमाद्रीपूर्वी कितपत स्थिरावली होती, असा प्रश्न घेऊन ती आरेखने इतर दिनांकित मंदिरांशी ताडली, की संशोधनास आरंभ होतो. लेखाचा काळ व आज उभ्या असलेल्या बांधकामाचा काळ एकच मानावा काय, हेही प्रथम तपासावे लागते. येथे पुराभिलेखविद्येचे साहाय्य अनिवार्य ठरते. म्हणून अशा विषयांस अन्य विद्याशाखेतील सहमार्गदर्शक असणे इष्ट होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच्.डी.चा कालावधी पाठ्यक्रमासह किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे असतो. किमान बारा श्रेयांकांच्या पाठ्यक्रमात संशोधनपद्धतीचा अभ्यास होतो. उमेदवार दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे प्रगती मांडतो. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात व शेवटी खुली मौखिक परीक्षा होते. याच विनियमांनी एम्.फिल्. पदवी बंद केली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्था स्वतःचे नियम करतात; पण टप्पे साधारणतः हेच असतात.

ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठात वास्तुविशारदाने स्वतःच्या रचनाकार्याची चिकित्सा करून पदवी मिळविण्याचा मार्गही रूढ आहे. तेथेही केवळ इमारती दाखवून भागत नाही. त्यांमागील विचार तपासण्याजोगा मांडावा लागतो.

संशोधन-पदवीने व्यवसायाचा अधिकार मिळत नाही. भारतात १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार ‘वास्तुविशारद’ ही संज्ञा लावण्यास वास्तुकला परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते आणि त्यासाठी बी.आर्क्. किंवा तत्सम मान्य अर्हता लागते.