भोकं चाळीस, दिवे तीस हजार

मुंबई ते पुणे ढोबळमानाने 150 किलोमीटर. जा, परत या, पुन्हा जा. चोवीस तासांत अशा सत्तावीस खेपा मारा, तरी थोडं अंतर उरेलच! 1953 साली फ्रान्समधल्या ल मां शर्यतीत जग्वारच्या सी-टाइपने हे करून दाखवलं. 24 तासांत 4,088 किलोमीटर, सरासरी ताशी 170. आणि या पराक्रमातला मोठा वाटा होता तो थांबण्याचा. गाडीला डिस्क ब्रेक होते, त्यामुळे वळण अगदी जवळ येईपर्यंत चालकाला वेग सोडावा लागत नव्हता.

आठ वर्षांनी, 1961 साली, जग्वारची ई-टाइप आली. चारही चाकांना डिस्क. पुढची डिस्क 11 इंची, म्हणजे आपल्या ज्वारीच्या भाकरीएवढी, फक्त बिडाची. आज अशी जुनी गाडी सांभाळणाऱ्याला डिस्क बदलायची वेळ आली की हमखास मोह पडतो भोकं पाडलेल्या आणि खाचा मारलेल्या डिस्कचा. दिसतेच तशी ती रेसमधून उतरल्यासारखी. पोर्शेने 1978 साली 911 टर्बोला आपल्या 917 या रेसगाडीचे ब्रेक दिले, तेही भोकांच्या डिस्कसकट. तेव्हापासून ही हौस रस्त्यावर आली.

आपली ई-टाइप आपण मनातल्या मनात सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावर आणू. याच रस्त्यावरच्या एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे, बिडाचे कॅमशाफ्ट ओतून देशोदेशी पाठवणारा. तेव्हा बिडाचा हिशेब या गावाला नवा नाही. पुढे कुंभारी गाव. गाडी ताशी 100 ने चाललीय. चाक सेकंदाला तेरा गिरक्या घेतंय. डिस्कला चाळीस भोकं धरली, तर ब्रेकच्या पॅडखालून एका सेकंदात पाचशेहून जास्त भोकं सरकतायत! सोलापूर ते पुणे 250 किलोमीटर जाईपर्यंत एकाच डिस्कची 48 लाख भोकं पॅडखालून गेली. अर्धा कोटीच म्हणा ना.

आणि या भोकांनी वाचवलं किती? सहा मिलिमीटरचं भोक, बारा मिलिमीटर जाडीची डिस्क, चाळीस भोकं. बीड कमी झालं अवघं शंभर ग्रॅम. हवा लागायला वाढलेला पृष्ठभाग पत्त्याच्या एका पानाहून जरासा मोठा. बस्स. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट द्यायला भोकं कामाची होती. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज उरलेली नाही. उलट तापून-निवून भोकाच्या कडेला बारीक तडे जायला लागतात.

तर मग ताप किती? माणसासकट गाडी 1,300 किलो. ताशी 100 वरून थांबवली की पाच किलोची पुढची प्रत्येक डिस्क एका झटक्यात पंचाहत्तर अंशांनी चढते. आता बोर घाट घ्या. लोणावळ्याकडून खाली साडेपाचशे मीटर उतार. गिअरची मदत न घेता सगळा भार ब्रेकवर टाकलात, तर शंभरच्या वेगावरून तब्बल चौदा वेळा गाडी थांबवल्याइतकी उष्णता! मधे वाऱ्याने डिस्क निवली नसती, तर चौदा वेळा पंचाहत्तर: हजाराच्या वर अंश, बीड वितळायच्या उंबरठ्यावर. 1863 पासून याच घाटातून रेल्वे उतरतेय. आगगाडी हजार टनांची धरा, तर आपल्या जग्वारसारख्या 770 मोटारी एकाच वेळी घाट उतरतायत. त्या उतारात दडलेली वीज पंधराशे युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचं सव्वा वर्ष!

आता गाडी तिच्या गाजलेल्या वेगाला नेऊ. ताशी 240. (मनातच, अक्कलकोट रस्त्यावर नव्हे!) वेग अडीच पटीच्याही आतच वाढला, पण ऊर्जा पावणेसहा पट. ती मोजली तर भरते 0.8 युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर साडेसहा रुपये. एवढा गाजावाजा आणि बिल साडेसहा रुपयांचं?

थांबा, घड्याळ बघा. विजेचं मीटर ही 0.8 युनिट तासाभरात मोजेल, दिवसभरात मोजेल. ब्रेकला ती काही सेकंदांत गिळायची असते. ताशी 100 वरून चार सेकंदांत थांबलात, तर त्या चार सेकंदांत ब्रेक 125 किलोवॉट पचवतात. दहा वॉटचे साडेबारा हजार एलईडी दिवे! याच कुंभारीत 2006 साली विडी कामगार महिलांना दहा हजार घरं मिळाली, गोदूताई परुळेकर वसाहतीत. प्रत्येक घरात एक दिवा लावा, वर अडीच हजार दिवे उरतील. आणि 240 वरून, तितक्याच जोराने ब्रेक दाबून? साडेनऊ सेकंद, 300 किलोवॉट, तीस हजार दिवे. शेजारच्या रे नगरची योजना किती घरांची? बरोबर तीस हजारांची! 2024 च्या जानेवारीत त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आख्खं नियोजित नगर, घरटी एक दिवा, आणि तो सगळा लखलखाट चार भाकरीएवढ्या डिस्कांत साडेनऊ सेकंद कोंबलेला.

त्या साडेनऊ सेकंदांत पुढची डिस्क 440 अंश चढते. सोलापूरच्या मे महिन्यातले 43 अंश त्यात मिळवा, 483! शिसं 327 लाच वितळतं. आणि डिस्क भोकांची असेल, तर त्या कमी झालेल्या शंभर ग्रॅममुळे आणखी नऊ अंश वर. म्हणून माझं मत विचाराल, तर भोकं सोडा, पूर्ण वजनाची, फार तर खाचा मारलेली डिस्क घ्या. गाडी प्रदर्शनातच उभी राहणार असेल, तर मात्र खुशाल चाळीसच्या चाळीस भोकं पाडून घ्या.