बांधावरून शेंडेनक्षत्राचा फोटो

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोयाबीनची काढणी चालू असताना, दिवस मावळल्यावर पश्चिमेला शेपटीचा तारा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याचे नाव त्सुचिनशान-ॲटलास. चीनमधील वेधशाळा व दक्षिण आफ्रिकेतील दुर्बीण, दोघींनी तो २०२३ मध्ये टिपला म्हणून हे जोडनाव. ऐन दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता.

शेंडेनक्षत्र निघाले की साल वाईट जाते, असे जुनी माणसे सांगतात. पण तोच धूमकेतू त्या दिवसांत कितीतरी देशांतून दिसला. कुठे पीक घरात आले, कुठे पाण्यात गेले. दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा? धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की तापतो, वाफ व धूळ सुटते. उपणताना भुसकट वाऱ्याच्या दिशेने जाते ना, तशी ही धूळ सूर्याच्या विरुद्ध बाजूला लोटली जाते. म्हणून संध्याकाळी शेपटी वर उभी दिसते.

आता फोटोचे. ई-पीक पाहणीला जो मोबाईल तुम्ही शेतात नेता, तो रात्रीचा फोटो घेणारा असला तर बहुधा पुरतो. हातात धरून मात्र जमणार नाही. बांधावरच्या दगडाला नाहीतर भरलेल्या पोत्याला तो टेकवून ठेवा. फ्लॅश बंद करा; सात कोटी किलोमीटरवर त्याचा उजेड पडत नसतो! नाईट मोड लावा. वेळ हाताने ठरवता येत असेल तर ८-१० सेकंद ठेवा. त्याहून फार वाढवली तर पृथ्वी फिरत असल्याने तारे रेघेसारखे ओढले जातात. बटण दाबताना मोबाईल हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा. चौकटीत एखादे लिंबाचे झाड घ्या, म्हणजे शेपटी केवढी ते कळते.

अंधार मात्र हवाच, आणि इथे आपण शहरवाल्यांपेक्षा श्रीमंत आहोत. (भारनियमनाचा एवढाच काय तो फायदा.) सरपंच व ग्रामसेवकांना विनंती, अशा वेळी पश्चिमेकडचे पथदिवे अर्धा तास बंद ठेवता आले तर बघा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात. शेतात जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या, विंचूकाट्याचे दिवस असतात.

चांदण्याचाही विचार करा. २०२४ ला १६ तारखेच्या कोजागरीच्या उजेडात शेपटी फिकी पडली होती. पुढे चंद्र उशिरा उगवू लागला तेव्हा अंधार मिळाला, पण तोवर धूमकेतूच मंद होत चालला होता.

एकच फोटो काढून थांबू नका. रोज त्याच जागेवरून काढा. तारीख, वेळ, गाव वहीत लिहा. तेव्हा शुक्र आणि स्वाती यांच्या मधून तो रोज कसा वर सरकत गेला, हे अशा फोटोंतच दिसते. हैद्राबादेत वाढलेले वेणू बाप्पू यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला शिकत असताना आकाशाच्या फोटोच्या काचेवरच नवा धूमकेतू ओळखला होता.

ठळक धूमकेतू फार आधी वर्दी देतोच असे नाही. हयाकुताके ३० जानेवारी १९९६ ला सापडला आणि २५ मार्चला पृथ्वीजवळून गेलादेखील. तेव्हा सराव आताच करा, शुक्र दिसेल त्या संध्याकाळी त्याच्यावर.