मिलिमीटरभर कृमी आणि वार्धक्यातील जंतुसंसर्ग

एकाच जिवाणूचा संसर्ग घरातील दोघांना होतो. तरुण चार दिवसांत सावरतो. वृद्धाला मात्र रुग्णालयात दाखल करावे लागते. असे का घडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीपासून मिळाला आहे.

या कृमीचे नाव सी. एलेगन्स. शरीर पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे आणि अन्न म्हणजे जिवाणूच. १९६० च्या दशकात सिडनी ब्रेनर यांनी त्याची संशोधनासाठी निवड केली. आयुष्य एवढे अल्प असल्याने त्याचे तारुण्य आणि वार्धक्य दोन्ही महिन्याभरात अभ्यासता येतात.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू भाजलेल्या जखमांत, लघवीची नळी घातलेल्या आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांत गंभीर संसर्ग घडवतो. हाच जिवाणू खाऊ घातला असता कृमीही मरतो. जिवाणूतील काही विशिष्ट जनुके निकामी केली, तर त्याची मारकता घटते आणि त्यांतील काही जनुकांचा परिणाम उंदरांतही तसाच दिसतो, असे बोस्टनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले.

पण जिवाणू ही अर्धीच बाजू झाली. कृमीच्या पेशींत धोक्याची सूचना पुढे पोहोचवणारी ‘पी-३८’ ही प्रथिनसाखळी असते. तशीच साखळी माणसातही आहे. वय वाढते तसे कृमीतील या साखळीचे काम मंदावते आणि तो संसर्गाला लवकर बळी पडतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

औषधांच्या शोधातही हा कृमी उपयोगी पडतो. २००६ मधील एका प्रयोगात संसर्ग झालेल्या कृमींवर हजारो पदार्थ तपासले गेले. त्यांतील काही पदार्थ परीक्षानळीत जिवाणूंना फारसे रोखत नव्हते, तरीही कृमीला वाचवत होते.

अर्थात, कृमीला फुप्फुसे नाहीत, प्रतिपिंडेही नाहीत. त्याच्यावर गुणकारी ठरलेल्या पदार्थाला पुढे प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांतून जावेच लागते.

मात्र जिवाणू आणि शरीर या दोहोंचा एकत्र विचार करणे घरातही उपयोगाचे आहे.

• वृद्धांमध्ये ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे मानू नये. अचानक गोंधळलेपण, गुंगी, अन्न नाकारणे, तोल जाणे किंवा श्वास जलद होणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

• लघवीच्या तपासणीत जिवाणू आढळले, पण कोणताही त्रास नाही, तर बहुतेक वृद्धांना प्रतिजैविकाची गरज नसते. अहवाल पाहून स्वतःहून गोळ्या सुरू करू नयेत. मागील आजारातील उरलेल्या गोळ्याही देऊ नयेत.

• लघवीच्या नळीला हात लावण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी आणि नळीची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारावे.

• फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. थकलेल्या प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख आधीच करून देण्याचे काम लस करते.