आजीला बिअर समजावून सांगताना

आमचं घर ग्वाल्हेरला टोपी बाजारात आहे. महाराज बाड्यापासून चालत पाच मिनिटं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. हा सगळा भाग लष्कर म्हणून ओळखला जातो, कारण 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला आणि तो परत हललाच नाही, त्याचंच शहर झालं. आमच्यासारखी मराठी घरं शिंद्यांच्या मागोमाग इकडे आली. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही.

या घरात गेली दीड वर्षं एक विषय बंद होता. माझा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा, केमिकल इंजिनिअर. पुण्यात औषधांच्या कंपनीत चांगल्या पगारावर होता. ती नोकरी सोडून तो एका ब्रूपबमध्ये बिअर बनवायला लागला. काकांनी बाहेर सांगितलं की 'फूड लाइन'मध्ये आहे. आजीला मात्र कोणीतरी खरं सांगितलं. आजीचा धाकटा भाऊ दारूनं गेला, चाळिशीही गाठली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे कलारीवर बसतो का तो?" (आमच्याकडे दारूच्या दुकानाला कलारी म्हणतात.) आणि त्यानंतर तिनं दादाचं नाव काढणं सोडलं.

मी मुंबईत शिकते, म्हणून गणपतीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन दादाची जागा बघून आले. त्या जागेचं नाव लिहीत नाही. आपला अंक कॉलेजचा आहे, जाहिरात व्हायला नको. आणि आधीच सांगते, मी बिअर प्यायले नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं, मी वीसची आहे. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे इथे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. तेव्हा चवीबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. पण ती बनते कशी ते मी डोळ्यांनी पाहिलं, नाकानं हुंगलं, आणि एका टप्प्यापर्यंत चाखलंसुद्धा.

ब्रूपब म्हणजे जिथे बनते तिथेच विकली जाते अशी बिअरची खाणावळ. बसायला लाकडी बाकं, कोपऱ्यात पत्त्यांचे कॅट आणि सापशिडी, मेन्यूत पिझ्झा, बर्गर, चिकन आणि भजीसुद्धा, फक्त तिथे तिचं इंग्रजी नाव ठेवलेलं. एका ग्लासाची किंमत आमच्या मेसच्या तीन दिवसांच्या जेवणाइतकी. हे सगळं कुठल्याही महागड्या हॉटेलात असतं. वेगळी होती ती काचेची भिंत. भिंतीपलीकडे चकचकीत स्टीलच्या टाक्या, नळ्या, घड्याळासारखे मीटर, आणि गमबूट घातलेला, घामाघूम दादा. तो टाकीच्या तोंडातून फावड्यानं ओला भुसा उपसत होता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा उपयोग हा, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

पुण्यात हा प्रकार तसा नवा. उंड्रीला 2009 साली 'डूलाली' सुरू झाली, ती शहरातली पहिली मायक्रोब्रूअरी. या नावाची गंमत मला दादानं सांगितली. डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सैनिक विलायतेच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे. उकाडा, काम नाही, त्यात मलेरिया. काहींची डोकी फिरायची. त्यांच्या बोलीत डोकं फिरण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! देवळालीचा ताप इंग्रजी शब्दकोशात गेला आणि शंभरेक वर्षांनी बिअरचं नाव होऊन पुण्यात परत आला.

छावणी आणि बिअर यांचं नातं तसं जुनंच आहे. हिंदुस्थानात बिअरचे कारखाने निघाले ते मुख्यतः गोऱ्या पलटणींसाठी, तेही थंड हवेच्या डोंगरांत, कारण बर्फाची यंत्रं नव्हती. कसौली, मरी अशा ठिकाणी. मरीचा कारखाना सांभाळणाऱ्या एडवर्ड डायरचा मुलगा 1864 मध्ये तिथेच जन्मला. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर तो हाच. आमच्या मुरारलाही 1886 पर्यंत इंग्रजांची छावणी होती, तेव्हा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते शिपाई काय करत असतील याची कल्पना मी करू शकते.

असो. दिवाळीला पंजाब मेलनं घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी चकलीची भाजणी चाळत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊन आलीस म्हणे. नक्की काय करतो तो तिथे? नीट सांग, मोघम नको."

मी तिला सांगितलं ते असं.

आजी, आपण नाचणीचं सत्त्व कसं करतो? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. बाळाला ते साध्या पिठापेक्षा सोपं जातं आणि गोड लागतं. का? दाण्यात पिष्टमय साठा असतो. मोड यायला लागला की दाणा स्वतःच अशी रसायनं तयार करतो, जी त्या साठ्याची साखर करतात. त्यांना एन्झाइम म्हणतात. कोंबाला वाढायला ती साखर हवी असते. बिअरवाले हेच जवाचं करतात. मोड आणतात आणि कोंब सगळी साखर खाऊन टाकायच्या आत भट्टीत वाळवून त्याला थांबवतात. याला माल्ट म्हणतात. कमी भाजलं तर बिअर सोनेरी, जास्त भाजलं तर कॉफीसारखी काळी. दादाकडे हे पोत्यांत तयार येतं. मी मूठभर खाल्लं. कुरकुरीत, गोडसर, आपल्या गजकेच्या जवळ जाणारी चव.

मग त्याची जाडी भरड काढायची आणि गरम पाण्यात तासभर ठेवायची. पाणी साधारण 65 ते 67 अंश. इथे दादा थर्मामीटरवरून नजर हलवत नाही. पाणी फार तापलं तर ती एन्झाइम मरतात, आणि थंड राहिलं तर पिष्ट तसंच उरतं. तासाभरानं ते पाणी गाळलं की सरबतासारखा तपकिरी गोड रस निघतो, त्याला वर्ट म्हणतात. यात अजून दारूचा थेंब नसतो. मला कपभर दिला. उसाच्या काकवीत बार्लीचं पाणी घातल्यासारखा लागला, चांगला होता. खाली उरतो तो चोथा, म्हणजे दादा उपसत होता तो. तो शेजारच्या गोठ्यात म्हशींना जातो.

"म्हशी खातात?" आजीनं पहिल्यांदा वर बघितलं. खातात, आणि वाट बघतात.

रस मग तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्स टाकायचे. ही एका वेलीची फुलं. कडवटपणा त्यांचा. आधी टाकली तर कडू, शेवटी टाकली तर वास जास्त. आपल्याकडे हिमाचलात लाहौलला लागवड झाली आहे, पण बहुतेक माल बाहेरून येतो. वेल भांगेच्या कुळातली आहे, हे मी आजीला उगाच सांगितलं. "भांग!" म्हणून तिनं चाळणी खाली ठेवली. तिला पटवायला पाच मिनिटं गेली की कूळ एक असलं तरी हॉप्सनं भांगेसारखी नशा येत नाही, बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले असून आपण बटाट्याची भाजी करतोच की.

हॉप्स नुसते चवीला नसतात, त्यांनी बिअर नासत नाही. ही गोष्ट 12व्या शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन ननने लिहून ठेवली आहे. युरोपात बिअर बनवण्याचं काम बराच काळ मठांत चालायचं. ट्रॅपिस्ट पंथाचे काही संन्यासी आजही बनवतात आणि त्यातून मठाचा खर्च आणि दानधर्म चालवतात. आपल्या कॉलेजच्या अंकात बिअरवर लेख कसा, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता मुख्य काम. उकळलेला रस झटकन थंड करायचा, वीस अंशांच्या आसपास आणायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी जिवंत बुरशी. ती साखर खाते आणि दोन गोष्टी मागे टाकते, अल्कोहोल आणि कर्बवायू. फेस त्या वायूचा. पाचसहा दिवसांत खाणं संपतं, मग थंडीत निवळत ठेवायचं. गव्हाची बिअर दोनतीन आठवड्यांत तयार होते. लागर नावाच्या जातीला कमी तापमान आणि जास्त दिवस लागतात.

"म्हणजे विरजण," आजी म्हणाली.

मी पुण्याहून निघाल्यापासून कोणती उपमा द्यावी याचा विचार करत होते आणि ती तिनंच दिली. होय, विरजणच! इतकं की एका घाणीच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढून पुढच्या घाणीला लावतात, आपण कालच्या दह्यातलं चमचाभर ठेवतो तसं. आणि विरजण बदललं की दही बदलतं, तसंच इथे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. मी ग्लास हुंगून बघितला, खरोखर येतो. आत ना केळं असतं ना लवंग. तो वास त्या जातीचं यीस्ट तयार करतं. बव्हेरियात 1516 साली कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नाव नाही, कारण असं काही असतं हेच तेव्हा कोणाला कळलेलं नव्हतं. ते नीट कळलं एकोणिसाव्या शतकात, लुई पाश्चरच्या वेळी. त्याचं बिअरवरचं पुस्तक 1876 चं. कारखान्यातली बाटलीबंद बिअर बहुधा त्याच्याच रीतीनं तापवून टिकाऊ करतात. दादाची तशी तापवत नाहीत, म्हणून ती थंड ठेवून लवकर संपवावी लागते. घरचं दही आणि डब्यातलं दही, असा फरक म्हणता येईल.

आजीचा पुढचा प्रश्न बरोबर जागी होता. "मोहाची काढतात तशीच ना शेवटी?"

तशी नाही. मोहाची आधी आंबवतात आणि मग भट्टीवर उकळून तिची वाफ धरतात, त्यामुळे दारू घट्ट होते. व्हिस्की, रम यांतही अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या घरात असतं. बिअरची वाफ कोणी धरत नाही. दादाकडच्या बहुतेक बिअर पाच टक्क्यांच्या आसपास. दुकानातली 'स्ट्राँग' आठापर्यंत जाते.

"पाच काय नि चाळीस काय. जास्त प्याली की तेच."

इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आत्ताही नाही. काचेची भिंत, सापशिडी, केळ्याचा वास यांनी अल्कोहोलचं काही वेगळं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की अमुक इतकं प्यायलं तर धोका नाही असं प्रमाणच नाही. दादाच्या जागेत त्या संध्याकाळी मी आनंदानं गप्पा मारणारी माणसं पाहिली. आणि एका टेबलावर चौथा ग्लास मागवून एकटाच बसलेला माणूसही पाहिला. मी दादाला विचारलं, तुला याचं काही वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटतं. आजीच्या भावाचं मला माहीत आहे. पण औषधाच्या कंपनीत मी दिवसभर एक्सेल भरायचो. इथे मी काहीतरी बनवतो." मला हे पूर्ण पटलं असं नाही. पण तो ज्या रीतीनं टाकीला हात लावून तिचं तापमान बघत होता, तसं त्याला मी अभ्यास करतानाही कधी पाहिलं नव्हतं. हेही मी आजीला सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. भाजणी संपली, चाळणीतला कोंडा तिनं वेगळ्या डब्यात काढला. खालून दुकानदाराच्या मुलाचा आवाज येत होता, दिवाळीची गर्दी होती.

"त्याचं विरजण नासतं का कधी?" तिनं विचारलं.

नासतं, म्हटलं. टाकी धुताना जरा चूक झाली, बाहेरचे जंतू शिरले, की आंबट होते. ऑगस्टमध्ये एकदा झालं होतं. पाचशे लिटर, सगळं गटारात ओतून द्यावं लागलं.

"पाचशे!" आजीनं हात कपाळाला लावला. मग थोड्या वेळानं, डब्याचं झाकण लावता लावता, "मग त्या दिवशी जेवला का तो?"

मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "फोन लाव आणि विचार."