टिपांवर वाढलेला बँड

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात 1980 पर्यंत एक अलिखित रीत होती: नाव गायकाचे, वादक पगारी. दौऱ्यावर गायकामागे उभे राहणारे वेगळे आणि रेकॉर्डवर वाजवणारे, कंट्रीचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधले कसलेले वादक वेगळे. स्वतः लिहायचे, स्वतः वाजवायचे आणि सगळ्यांनी मिळून गायचे, हा रॉकवाल्यांचा मामला समजला जाई. कॅलिफोर्नियाच्या ‘ईगल्स’ने कंट्री आणि रॉक एकत्र आणले खरे, पण त्यांचा श्रोता मुख्यतः रॉकचाच होता. कंट्रीच्या बाजारात बँड चालतो हे ठसठशीतपणे सिद्ध केले ते ‘अलाबामा’ने.

या बँडचे रँडी ओवेन, टेडी जेंट्री आणि जेफ कुक हे नात्यातले भाऊ अलाबामा राज्यातल्या फोर्ट पेनचे. मोज्यांच्या गिरण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. ओवेन आणि जेंट्री यांचे बालपण जवळच्या लुकआउट डोंगरावर, कापसाच्या शेतीत गेले. 1969 मध्ये ‘यंग कंट्री’ या नावाने तिघे वाजवू लागले. 1972 मध्ये नाव झाले ‘वाइल्डकंट्री’. पोटापाण्याचे उद्योग दिवसा, तालीम रात्री.

1973 मध्ये नोकऱ्या सोडून ते साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला गेले. अटलांटिक किनाऱ्यावरच्या या गावात उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. तिथल्या ‘बाउरी’ नावाच्या छोट्या बारमध्ये आठवड्याचे सहा दिवस त्यांचे वाजवणे सुरू झाले. मिळकतीची मुख्य भिस्त श्रोत्यांच्या टिपांवर. तमाशातल्या दौलतजादेसारखाच हा व्यवहार: फर्माईश पुरी झाली की पैसे. एका टेबलावरून कंट्री गायक मर्ल हॅगर्डचे गाणे मागितले जाई, तर दुसऱ्यावरून ‘लिनर्ड स्किनर्ड’ या रॉक बँडचे. दोन्ही येत नसेल तर त्या रात्रीची कमाई बुडाली. पुढे समीक्षकांनी ज्याला ‘कंट्री-रॉक’ म्हणून गौरवले, ती या बँडची सरमिसळ सिद्धान्तातून कमी आणि गिऱ्हाइकांच्या मागणीतून जास्त आली असावी. फर्माइशींच्या अधूनमधून स्वतःची गाणीही पारखून घेता येत. स्वखर्चाने काढलेल्या रेकॉर्ड ते तिथेच विकत. सुट्टी संपवून परतणारा पर्यटक ती रेकॉर्ड आपल्या गावी नेई, आणि पुढच्या उन्हाळ्यात मित्रांना घेऊन येई. कंपनीची जाहिरात नसताना आजूबाजूच्या राज्यांत त्यांचा चाहता असा तयार झाला. हा क्रम उन्हाळ्यामागून उन्हाळे, दशक संपेपर्यंत चालला.

रेकॉर्ड कंपन्यांचा अनुभव मात्र कडू होता. 1977 मध्ये ‘जीआरटी’ कंपनीने एक गाणे काढले. ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत तळाकडेच राहिले. कंपनी बुडाली, पण कराराच्या एका कलमामुळे दुसऱ्या कंपनीकडे जाता येईना. पैसे साठवून त्यांना तो करार सोडवून घ्यावा लागला. याच सुमारास बँडने ‘अलाबामा’ हे नाव घेतले. 1979 मध्ये रॉककडे ओढा असलेला ड्रमवादक मार्क हर्नडन आला, आणि ‘एमडीजे’ या छोट्या कंपनीने काढलेली गाणी रेडिओवर वाजू लागली. 1980 मध्ये नॅशव्हिलमध्ये नव्या कलावंतांच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले, तेव्हा त्यांना स्वतःची वाद्ये वाजवू दिली नाहीत. तरीही त्याच वर्षी ‘आरसीए’ या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केले.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. ‘टेनेसी रिव्हर’ पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ख्रिसमसचे एक गाणे वगळता सलग 21 गाण्यांनी तिथवर मजल मारली. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा मान 1982, 1983 आणि 1984 असा लागोपाठ तीनदा मिळाला. त्याआधी तो कोणत्याही गटाला मिळालेला नव्हता. गंमत अशी की, ज्या बँडने वादकांना मंचाच्या पुढच्या रांगेत आणले, त्याच्या रेकॉर्डवर बरेचदा नॅशव्हिलचे स्टुडिओ-वादकच वाजवत. रीत बदलली ती मंचावर. स्टुडिओत ती बरीचशी टिकून राहिली.

कीर्ती आल्यावरही गाव सुटले नाही. 1982 पासून फोर्ट पेनमध्ये ‘जून जॅम’ हा मदतनिधीचा संगीतमेळा भरू लागला, तो 1997 पर्यंत चालला. 2005 मध्ये बँडला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. 2022 मध्ये जेफ कुक यांचे निधन झाले.

अलाबामाच्या यशानंतर नॅशव्हिलच्या कंपन्या बँड शोधू लागल्या. केंटकीचा ‘एक्झाइल’ हा मूळचा पॉप-रॉक गट. ‘टेक मी डाउन’ आणि ‘द क्लोजर यू गेट’ ही त्यांची गाणी अलाबामाने गाऊन अव्वल क्रमांकावर नेली. त्यानंतर एक्झाइल स्वतःच कंट्रीकडे वळला आणि 1984 पासून त्याचीही गाणी यादीच्या शिखरावर पोहोचू लागली.