क्रोशाचं तोरण दारावर लावलं की वाकडं का दिसतं? विणण्याआधी आणि विणल्यानंतरची ही कामं कुणी सांगत नाही

शिवाजी पेठेत गणपतीची गडबड महिनाभर आधी सुरू होते. बाहेर तालमी-मंडळांत मांडव, वर्गणी आणि मिरवणुकीची चर्चा असते आणि घरात कुणीतरी दुपारी जेवणं आटोपून क्रोशाची सुई हातात घेतलेली असते. लाल-पांढरं तोरण, पाटावरचा रुमाल, गौरीपुढची झालर. हल्ली यात कॉलेजच्या पोरीही आहेत. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ लावायचा आणि सुरू.

तोरण तयार होतं. दारावर चढवलं की मात्र कळतं, एक टोक चार बोटं खाली आलंय, मधली दोन फुलं वाटीसारखी वळलीयत आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरलाय. पंधरा दिवसांची दुपार वाया. ऑर्डर असेल तर पैसेही गेले.

यावर नेहमी एकच सल्ला मिळतो, ‘सराव कर, हात बसेल.’ हात बसतो हे खरंच आहे, पण यातल्या बऱ्याच चुकांचा सरावाशी संबंधच नाही. त्या मोजण्याच्या, दोरा निवडण्याच्या आणि विणून झाल्यावर काय करायचं याच्या चुका आहेत.

सुरुवात भाषेपासून करू, कारण व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचं पहिलं घोडं इथंच अडतं. इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिलेलं असतं. नमुना अमेरिकन असेल तर त्याचा अर्थ आपला खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका. तोच शब्द ब्रिटिश नमुन्यात आला तर त्याचा अर्थ मुका खांब, म्हणजे वेढा न घेता काढलेला बुटका टाका. अमेरिकन लोक मुक्या खांबाला ‘सिंगल’ म्हणतात आणि ब्रिटिश खांबाला ‘ट्रेबल’. म्हणजे एकाच नमुन्यावर दोघींनी काम केलं तर एकीचा रुमाल दुसरीच्या जवळपास दुप्पट उंच होईल आणि दोघींनाही आपलं कुठं चुकलं ते कळणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरतच नाहीत. त्यापेक्षा बरं म्हणजे वहीत नमुना उतरवताना सरळ आजीचे शब्द लिहावेत. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. यात घोळ व्हायला जागाच नाही.

सुईच्या नंबरातही असाच गोंधळ आहे. लेससाठीच्या बारीक स्टीलच्या सुयांत नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. लोकरीसाठीच्या जाड सुयांवर मात्र मिलिमीटर लिहिलेले असतात आणि तिथं आकडा मोठा म्हणजे सुई जाड. दुकानात नंबर मागण्यापेक्षा मिलिमीटर विचारा. बारीक सुती दोऱ्याला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरची सुई लागते आणि मध्यम जाडीच्या लोकरीला साडेतीन-चारची.

आता मुख्य मुद्दा, मोजणी. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणी दोरा ताणून धरतं, कुणी सैल सोडतं. नमुना लिहिणाऱ्या बाईच्या १० सेंटिमीटरमध्ये २० खांब बसत असतील आणि तुमच्या १८ बसत असतील, तर फरक किती? दोनच खांबांचा ना? पण ९० सेंटिमीटर घेराच्या टॉपसाठी नमुना १८० खांब सांगतो. ते तुमच्या हाताने घातले की घेर होतो १०० सेंटिमीटर. टॉप पडून जाईल अंगातून.

म्हणून आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुऊन वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजायचे. कडेचे मोजायचे नाहीत, तिथं ताण वेगळा असतो. टाके कमी भरले तर हात सैल आहे, अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घ्या. जास्त भरले तर जाड घ्या. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणायचा प्रयत्न मात्र करू नका. दहा मिनिटांनी टीव्हीवर काहीतरी लागतं आणि हात आपल्या मूळ चालीवर येतो. तोरण एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होतं त्याचं एक कारण हेच आहे. सुरुवातीला जपून आवळलेला हात पुढं सैल पडतो.

दुसरं कारण कडेला लपलेलं असतं. खांबांची ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम फिरवतात. त्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब. त्यामुळे परत येताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो आणि नेमका तोच विसरतो, कारण तो टाक्यासारखा दिसतच नाही. दर ओळीला एक खांब गळला की वीस ओळींत वीस गळतात. सरळ पट्टी म्हणून सुरू केलेलं काम त्रिकोणाकडे झुकतं. उपाय फुकटचा आहे. फिरवल्या फिरवल्या तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवायची. परत आल्यावर पिन दिसली की शेवटचा खांब तिथं. मापात दहा-बारा ओळी झाल्या की कड डोळ्यांना ओळखू येते, मग पिन नाही लावली तरी चालतं.

आता गोल रुमालाकडे येऊ, कारण खरी गंमत त्यात आहे. रुमाल वाटीसारखा वळतो किंवा कडेला झालरीसारखा लाटा खातो. वळला तर टाके कमी वाढवलेत, लाटा आल्या तर जास्त. पण किती वाढवायचे? याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणजे प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याने वाढली आणि परिघात सहा टाक्यांची जागा तयार झाली. म्हणून मुक्या खांबाच्या फेऱ्या ६, १२, १८, २४ अशा जातात. खांब रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच असतो, म्हणून त्याच्या फेऱ्या १२, २४, ३६, ४८. पहिल्या फेरीत बारा, दुसरीत प्रत्येक खांबावर दोन, तिसरीत एक सोडून एकावर दोन, चौथीत दोन सोडून एकावर दोन. हे एकदा डोक्यात बसलं की गोल काहीही विणायला नमुन्याची गरज उरत नाही. अर्ध्या खांबाची उंची मधली, त्यामुळे त्याला आठ किंवा नऊने सुरुवात करून बघावी लागते.

तोरणाचं गणित याहून सोपं आहे, पण तेही आधी करावं लागतं. दाराची चौकट मोजा. पेठेतल्या जुन्या घराचं दार आणि उपनगरातल्या फ्लॅटचं दार यांचं माप एक नसतं, त्यामुळे ‘मागच्या वेळेसारखंच’ हे माप नव्हे. समजा चौकट ९० सेंटिमीटर आहे आणि एक फूल ६ सेंटिमीटरचं होतंय. मग १५ फुलं. विषम संख्या आली तर उत्तम, मधोमध एक फूल येतं. खाली मणी किंवा घुंगरू लावणार असाल तर वजनाने सुती दोरा हळूहळू ओघळतो हेही धरून चाला. वरची पट्टी मुक्या खांबांची घट्ट ठेवली तर ती कमी ताणते.

दोऱ्याबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही महागात पडणाऱ्या. लेबलवर रंगाच्या नंबरशेजारी घाणीचा, म्हणजे लॉटचा नंबर असतो. एकाच रंगाच्या दोन वेगवेगळ्या लॉटमध्ये छटेचा फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, दारावर उन्हात दिसतो. त्यामुळे महाद्वार रोडवर एकदा गेलात की लागेल तेवढा दोरा एकदमच घ्या, वर एक गुंडी जास्त. आणि लाल दोरा आणला की त्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रुमालावर डाग आला तर तो लाल पांढऱ्याशेजारी जाऊ शकत नाही. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे.

टोकं गाठ मारून कापण्याची सवय सोडा. गाठ सुटते, नाहीतर उलट बाजूला टोचते. वीतभर टोक ठेवून ते मोठ्या नाकाच्या सुईने टाक्यांतून एकदा पुढं, मग मागं आणि परत पुढं असं ओवलं की धुण्यातही सुटत नाही. बाळंतविड्यातल्या टोप्या-मोज्यांना तर हे हवंच, कारण सुट्या धाग्यात बाळाचं बोट अडकू शकतं. त्याच कारणासाठी लहान बाळाच्या खेळण्याला डोळे म्हणून बटण किंवा मणी लावू नयेत. काळ्या दोऱ्याने भरून काढावेत.

एवढं सगळं करून काम चांगलं झालं की शेजारची विचारते, ‘केवढ्याला देणार?’ इथं बहुतेकींचा हात सैल पडतो.

वरच्याच तोरणाचा हिशेब करू. एका फुलाला २५ मिनिटं धरली तर १५ फुलांना सव्वासहा तास. जोडणी, पट्टी, टोकं आणि खळ मिळून आणखी दोन तास. तोरण ५०० रुपयांना दिलं आणि दोरा-मण्यांचे १२० गेले, तर उरले ३८०. सव्वाआठ तासांना भागा. तासाला ४६ रुपये. यात विजेचं बिल आणि दुखणारं मनगट धरलेलं नाही.

हे फक्त कोल्हापूरचं नाही. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशे लेस जगभर जाते आणि २०२४ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. पण समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ मध्ये आलं, त्यात हेच दुखणं मांडलं होतं. परदेशात विकली जाणारी लेस विणणाऱ्या बाईला कामगार न मानता गृहिणी मानायचं, तिचं काम फावल्या वेळचं ठरवायचं आणि मजुरी कमी द्यायची. खरं तर क्रोशाचं काम पूर्णपणे हुबेहूब करणारं यंत्र बाजारात नाही. स्वस्त दिसणारा क्रोशाचा टॉपही कुणाच्या तरी हातानेच झालेला असतो. त्यामुळे पहिल्या फुलाला घड्याळ लावा, तो आकडा वहीत लिहा आणि भाव सांगताना वही उघडा. शिवाय सलग बसू नका. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून बोटं ताणून घ्या, मनगट दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच.

राहता राहिलं शेवटचं काम, जे घाईत सगळ्यात आधी गाळलं जातं. विणून झालेलं तोरण जसंच्या तसं लावायचं नसतं. सुती असेल तर साबुदाण्याच्या किंवा भाताच्या पातळ खळीत बुडवून, हलकं दाबून, जाड टॉवेलवर पसरायचं. प्रत्येक पाकळी हाताने ओढून न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोचायची. साधी टाचणी ओल्या दोऱ्यात रात्रभर राहिली की तांबूस ठिपका पडतो आणि तो सहजी जात नाही. लोकर ॲक्रिलिकची असेल तर इस्त्री टेकवूच नका, धागा वितळून चपटा होतो. लांबून वाफ दिली तरी पुरते.

आणि कोल्हापूरचा श्रावण-भाद्रपद लक्षात घ्या. बाहेर पाऊस, घरात दमट हवा. खळ घातलेलं सुती काम उन्हाळ्यात एका दुपारीत वाळतं, इथं त्याला पंख्याखाली दोन दिवसही लागू शकतात. वरून कोरडं वाटलं तरी फुलाच्या मध्यावर बोट दाबून बघा. आत ओल राहिली तर दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके. त्यामुळे गणपती ज्या दिवशी बसणार, त्याच्या निदान चार दिवस आधी सुई बाजूला ठेवता येईल, असा हिशेब करूनच पहिली साखळी घाला.